जहाज नेलं, आरोळी राहिली

लोणावळ्याजवळच्या थीम पार्कच्या हॉटेलात आम्ही दरवर्षी जायचो ते लॉबीतल्या समुद्री चाच्यांच्या लाकडी जहाजासाठी. संध्याकाळी घंटा वाजली की तिथले कर्मचारी ओरडायचे, "जहाज सुटलं हो!" आणि सगळे पाहुणे एका सुरात म्हणायचे, "सुटू द्या!"

यंदा हॉटेलचं रूप पालटलं. जहाज गेलं आणि त्या जागी चंदेरी अंतराळयान आलं. आम्ही जुने पाहुणे त्याच्याभोवती मयताला जमल्यासारखे उभे होतो. जो तो मोबाइलवर तक्रार लिहीत होता, मीसुद्धा.

तेवढ्यात एक साठीची बाई आली. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर आणि पदरावर चाच्यांची काळी टोपी. ही टोपी पूर्वी इथंच मिळायची. तिनं यानाला फेरी मारली, गाईला थोपटावं तसं त्याला थोपटलं.

"मावशी, आता ती थीम नाही," अंतराळवीराच्या वेशातला कर्मचारी अदबीनं म्हणाला.

"आरं, जहाज न्हेलं तुमी. आरोळी कुटं न्हेनार?"

मग कमरेवर हात ठेवून, खाचरापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी ती ओरडली, "जहाज सुटलं हो!"

सगळी लॉबी गरजली, "सुटू द्या!" माझी तक्रार अर्धीच राहिली.

तिचं नाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही. तिनं दुसऱ्यांदा आरोळी ठोकली, तेव्हा सर्वांत मोठा आवाज हेल्मेट काढलेल्या त्या अंतराळवीराचा होता.