झाळलेली कडी

ती सकाळ आठवली की नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी माझं डोकं तापतं. कुणाचंही नाव लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ओळखलं तर बरंच होईल.

मी तेव्हा लातुरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शिकवण्या घेणारे मास्तर एव्हाना मोठमोठ्या क्लासचे मालक झाले होते. चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक लागत. अशाच एका सरांचं मुलींचं वसतिगृह होतं. मुलींची ने-आण करायला एक जीप होती आणि सरांनी स्वतःसाठी नुकतीच एक मोटार घेतली होती. दोन्ही गाड्यांवर ड्रायव्हर एकच. चाळिशी ओलांडलेला, मितभाषी माणूस. मुली त्याला चाचा म्हणत. खेड्यापाड्यातून आलेले आईबाप मुलीला सोडताना सरांना नमस्कार करत, पण 'पोरीकडं ध्यान ठेवा' असं सांगत ते चाचाला.

त्या वर्षी वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी या मुलींना नांदेडचं केंद्र आलं होतं. पहाटे मुली जीपमध्ये बसल्या. चाचानं चावी फिरवली, इंजिन सुरू झालं आणि लगेच बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मुलींनी उतरून धक्का मारून पाहिला, तरी गाडी ढिम्म. शेवटी सगळ्या स्टँडकडे पळाल्या आणि मिळेल त्या एसटीत चढल्या. नांदेडला पोहोचल्या तेव्हा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. आत कुणी घेतलं नाही. मुलींचं वर्ष गेलं.

मी त्या दिवशी बंदोबस्तासाठी बाहेर होतो. दुसऱ्या दिवशी हजर झालो तेव्हा गुन्हा दाखल झालेला होता आणि चाचा कोठडीत होता. फिर्याद सरांची. दुसऱ्या क्लासवाल्यांनी ड्रायव्हरला फितवलं आणि त्यानं मुद्दाम गाडी बंद पाडली, असं त्यांचं म्हणणं. त्याच दिवशी ठाण्यात एक निनावी फोनही आला होता. ड्रायव्हर आदल्या संध्याकाळी त्या दुसऱ्या क्लासच्या माणसाबरोबर हॉटेलात बसला होता, अशी खबर फोनवाल्यानं दिली होती.

चाचाच्या विरोधातला सगळ्यात मोठा पुरावा मात्र खुद्द जीपच होती. आमचा मुद्देमाल हवालदार ती जप्त करायला वसतिगृहावर गेला, तेव्हा जीपची आणि मोटारीची चावी एकाच कडीत होती. जप्ती फक्त जीपची. नियमाप्रमाणे त्यानं कडी पकडीनं तोडली, मोटारीची चावी सरांना परत दिली आणि जीपची लावली. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. ती चालवतच त्यानं ठाण्यात आणली. झालं, सगळ्यांची खात्रीच पटली. गाडी धडधाकट आहे, म्हणजे ड्रायव्हर खोटारडा.

मी चाचाला समोर बसवलं. चौकशीत खोटं बोलणारा माणूस गोष्ट सजवतो, दर वेळी एखादा नवा तपशील घालतो. हा एकच वाक्य धरून बसला होता.

"साहेब, चालू होऊन राहिली अन् लगेच मरून राहिली. समोर लाल दिवा लुकलुकत होता. दुसरं मला काय बी मालूम न्हाई."

कसला दिवा विचारलं तर म्हणाला, चावीचं चित्र असलेला. जीप तर आवारात बिनतक्रार सुरू होत होती आणि असला कुठला दिवा आम्हाला दिसला नव्हता. मी तसाच उठलो.

बाहेर मुलींचे आईबाप जमले होते. निलंग्याकडची एक बाई कोठडीच्या गजापर्यंत आली. तिच्या मुलीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. ती चाचाला म्हणाली, "तुझ्या भरवशावर लेक ठिवली होती म्या. मास्तरच्या न्हाई, तुझ्या." चाचानं एरवी सगळ्यांच्या शिव्या खाली मान घालून ऐकल्या होत्या. या बाईपुढे मात्र तो रडला. खरं सांगतो, नोकरी जाईल, शिक्षा होईल, याची त्याला तितकी फिकीर नव्हती. आपल्या हवाली केलेल्या लेकींचा आपण घात केला असं या लोकांना वाटतंय, हे त्याला सोसत नव्हतं.

सर मात्र वकील घेऊन रोज येत होते. न्यायालयाचा हुकूम मिळवून ते जीप सुपूर्दनाम्यावर सोडवायलाही आले. हवालदारानं चावी दिली तशी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. कडी तोडलीच कशाला, म्हणून त्याच्यावर डाफरले. परीक्षेच्या आदल्या दिवशीच म्हणे त्यांनी दोन्ही चाव्या एका कडीत घालून तिचं तोंड डाख लावून झाळून घेतलं होतं. का, तर सुटी चावी काढून ड्रायव्हरनं तिची नक्कल करून घेऊ नये. वर मला शहाणपण शिकवलं, "साहेब, या लोकांवर डोळा ठेवावाच लागतो."

'या लोकांवर' म्हणजे कुणावर, ते मी विचारलं नाही. पण ते शब्द मला लागले. सरांनी खिशातून मोटारीची चावी आणि एक जाड कडी काढली, दोन्ही चाव्या तीत अडकवल्या आणि ते स्वतः जीपमध्ये बसले. इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद पडलं. मी खिडकीतून वाकून पाहिलं तर समोर चावीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकत होता.

आवारातले सगळे थांबले. माझा हवालदार हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, चाचा तर आत कोठडीत हाय."

मी सरांना खाली उतरवलं, कडीतून मोटारीची चावी काढली आणि जीप लावली. सुरू झाली. दोन्ही चाव्या एकत्र करून लावली. बंद पडली. लगेच कंपनीच्या वर्कशॉपमधून मिस्त्री बोलावला. त्यानं सांगितलं, या नव्या गाड्यांच्या चावीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. गाडी ती ओळखते, तेव्हाच इंजिन चालू राहतं. दुसऱ्या गाडीची तसलीच चावी अगदी जवळ लटकत असली की गाडी गोंधळते, चोर समजते आणि इंजिन बंद करते. चोरी होऊ नये म्हणून केलेली ही सोय. सरांच्या संशयानं तिचंच कुलूप मुलींच्या वर्षाला लागलं.

मग फोनचा छडा लावला. ठाण्याचा फोन सांभाळणाऱ्या शिपायाला तो आवाज ओळखीचा वाटला होता. वसतिगृहासमोर टवाळ पोरं उभी राहतात म्हणून तिथला व्यवस्थापक आठवड्याला फोन करायचा, त्याचाच. त्याला बोलावलं. पहिल्याच प्रश्नाला त्यानं कबूल केलं की हॉटेलात त्यानं कुणालाही पाहिलं नव्हतं. आईबाप अंगावर येतील म्हणून सरांनी फोन करायला लावला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर ज्याचा दोष होता त्यानंच फास वळून आमच्या हातात दिला होता.

चाचा सुटला. सर ठाण्यातच त्याला म्हणाले, झालं गेलं विसरा, उद्यापासून कामावर या. जणू काही उपकारच करत होते. चाचा म्हणाला, "सर, मी दगाबाज हाय म्हणून मायबापाला बोलावून सांगितलं तुमी. आता तसंच बोलावून सांगा, न्हाई म्हणून."

सर म्हणाले, सध्या प्रवेश सुरू आहेत, क्लासचं नाव खराब होईल.

मी अनेक खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. इतका संताप मला त्यांच्यावरही कधी आला नाही. माफी मागायला लावणारं कलम कायद्यात नाही. पण प्रात्यक्षिकाचा पंचनामा करायला मला कुणी अडवणार नव्हतं. मी सगळ्या आईबापांना बोलावलं, त्यांच्यातलेच पंच घेतले आणि सरांना जीपमध्ये बसवलं. दोन चाव्या, एक चावी, पुन्हा दोन. प्रत्येक वेळी कडी कुणी झाळली आणि का, हे मी मोठ्यानं विचारलं आणि सरांना मोठ्यानं उत्तर द्यावं लागलं. चाचा माझ्या शेजारी खुर्चीवर बसला होता. ती खुर्ची मीच आणवली होती.

या गुन्ह्यानंतर मी एक गोष्ट पाळली. बोट दाखवणारा जितक्या घाईत असेल, तितकं आधी त्याच्याकडेच बघायचं. बाकी न्यायाचं म्हणाल तर खोट्या खबरीचा खटला रखडत गेला आणि सरांचा क्लास आणखी एका मजल्यानं वाढला. निलंग्याकडच्या त्या बाईनं मुलीला तिथून काढून गावीच अभ्यासाला बसवलं. पुढच्या वर्षी मुलगी डॉक्टरकीला लागली, तेव्हा सरांच्या फलकावर तिचाही फोटो झळकला. इतका निर्लज्जपणा मी दुसरा पाहिला नाही.

चाचा पुन्हा त्या क्लासवर गेला नाही. भाड्याची जीप चालवू लागला. त्या दुसऱ्या परीक्षेलाही केंद्र नांदेडलाच होतं. निलंग्याहून एसटी होती, गावातही गाड्या होत्या. त्या बाईनं लातूरला निरोप धाडला आणि चाचाची जीप बोलावून घेतली. मुलीला पुढच्या सीटवर बसवलं, आणि ती स्वतः मात्र सोबत गेली नाही.