वायरमनचा परवाना

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हॉस्पिटलची कसली भीती, असं सगळे समजतात. बाईही तसंच समजत होत्या. पोटातल्या गाठीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि ऑपरेशन थिएटरचे हिरवे झगे इस्त्रीला लावले. रक्ताळलेले कपडे गरम पाण्यात बुडवून डाग पक्के करणाऱ्या धुलाईवाल्याला नेहमीसारखं झापलंसुद्धा. आत मात्र काहीच हललं नाही. दाढ काढण्याआधी गाल बधिर करतात, तशा त्या सगळ्याच बधिर झाल्या होत्या.

अडलं ते फॉर्मवर. ऑपरेशनआधी रक्ताच्या नातेवाइकाची सही हवी होती, आणि बाईंकडे ती चीजच नव्हती. लग्न केलेलं नाही, भावंडं नाहीत, आईवडील केव्हाच गेलेले. वॉर्डातला कारकून रोज त्यांच्याकडून चादरी नेणारा, चांगला ओळखीचा. पण नियम निघाला की त्याला ओळख लागत नसे.

"एखादी चुलत बहीणसुद्धा चालेल, बाई," तो म्हणाला. "बघा ना, असेल कुठेतरी."

जणू ती कपाटामागे पडली होती.

"आपलं कोणी नाही," असं वडील म्हणायचे. घरातली साखर संपलीय म्हणावं इतक्या सहज म्हणायचे, त्यामुळे बाईंनी कधी खोदून विचारलंच नाही. आता त्यांनी ट्रंक उपसली. तळाशी वडिलांचा वायरमनचा परवाना निघाला. वर तरुणपणीचा फोटो आणि पूर्ण नाव, आत शाळेचा दाखला घडी करून ठेवलेला. ऑपरेशनला अकरा दिवस होते. बाईंनी रजा टाकली आणि त्या शाळा शोधत दुसऱ्या गावी गेल्या.

शाळेच्या कारकुनाने तोंडाला रुमाल बांधून जुनी नोंदवही काढली आणि नावावर बोट ठेवलं.

"या नावाला भारी मागणी आहे हो," तो म्हणाला. "गेल्या वर्षी एक बाई हेच पान बघून गेल्या. वंशावळ करतायत म्हणे. फोन नंबर ठेवून गेल्यात."

वंशावळवाली फोनवर धबधब्यासारखी बोलत होती. आजोबा, पणजोबा, कोण कुठे गेलं, सगळं तोंडपाठ. बाईंनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं आणि पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"ते माझे काका," ती म्हणाली. "पण ते तर तेविसाव्या वर्षीच गेले. विजेच्या खांबावरून पडून. मृत्यूचा दाखला आहे माझ्याकडे."

"माझे वडील सत्तराव्या वर्षी गेले," बाई म्हणाल्या. "दाखला माझ्याकडेही आहे."

वंशावळवालीच म्हणाली, "ताई, तुम्ही याच. आमच्या आत्या आहेत अजून. त्यांना विचारू."

बाई दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी पोचल्या. भिंतीवर मोठ्या कागदावर वंशावळ लावली होती. भावंडं तीन. थोरल्याच्या, म्हणजे वंशावळवालीच्या वडिलांच्या, नावाखाली मुलं, नातवंडं, अगदी पतवंडंसुद्धा ओळीने उतरली होती. मधली आत्या. धाकट्याच्या नावाखाली एवढंच: अविवाहित. ते नाव बाईंच्या वडिलांचं होतं. बाईंनी वाचलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

आत्याबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, पण कान तिखट. त्यांनी परवाना खिडकीशी नेऊन फोटो बराच वेळ पाहिला.

"हा माझा भाऊ नाही," त्या म्हणाल्या. "हा ढांगळ्या."

कोण ढांगळ्या, ते त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. भावाचा जोडीदार, लांब ढांगांचा. दोघं मिळून खांबावर चढायचे. काम भावापेक्षा सरस, पण शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणून परवाना नाही. भाऊ गेला आणि महिन्याभरात याचंही काम सुटलं.

"दोन दिवस पोटात काही नव्हतं त्याच्या. दारात उभा राहिला. भावाचे कागद माझ्याच पेटीत होते. मीच दिले. म्हटलं, फोटो बदल, लांब जा आणि इकडे पुन्हा फिरकू नकोस."

"त्यांचं खरं नाव काय होतं?" बाईंनी विचारलं.

"सगळे ढांगळ्याच म्हणायचे गं. मीही विचारलं नाही. तेवढं चुकलंच माझं."

दोन वाक्यांत बाईंचं आडनाव गेलं, आजोबा गेले, आणि समोर बसलेली चुलत बहीणही परकी झाली. रडू यायला हवं होतं. बाईंच्या मनात आलं ते इतकंच, की खिडकीचा पडदा नीट इस्त्री केलेला नाही. त्यांनी पर्स उचलली.

"निघते मी. ज्या कामाला आले होते, ते आता काही होत नाही."

"कसलं काम?" आत्याबाईंनी विचारलं. बाईंनी नाव-वय भरलेला फॉर्म दाखवला, गाठीचंही सांगितलं.

"सही कर गं," आत्याबाई वंशावळवाल्या भाचीला म्हणाल्या.

भाची घुटमळली. "आत्या, इथं रक्ताचं नातं लिहिलंय. खोटं कसं लिहू?"

"लग्न झालं आणि तू नाव बदललंस. मीही बदललं. तुझ्या भावाची पोरं त्यांच्या बापाचं नाव लावतात. माझ्या भावाचं नाव लावून अख्खा जन्म काढला तो हिने एकटीने. सत्तावन्न वर्षं. आणखी कसलं नातं पाहिजे तुला?"

भाचीने पेन शोधलं, चष्मा शोधला आणि सही केली. नात्याच्या रकान्यात 'चुलत बहीण' लिहिलं, तेही सुवाच्य अक्षरात.

"आता तुझं पूर्ण नाव सांग बघू," आत्याबाई बाईंना म्हणाल्या.

कचेऱ्यांच्या प्रत्येक खिडकीवर आजवर सांगितलं तसं बाईंनी सांगायला सुरुवात केली. स्वतःचं नाव धड गेलं. वडिलांच्या नावाशी आल्या आणि आवाज फुटेना. गेल्या महिन्याभरात जे आलं नव्हतं ते सगळं तिथे येऊन अडकलं. गालांवरून पाणी वाहत असताना त्यांनी ते नाव कसंबसं घेतलं, मग आडनाव.

आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"परत सांग," त्या म्हणाल्या.