बाटलीतली पेन्सिलची चिठ्ठी

डॉक्टरांनी अनंताला फसवलं. ज्या खेकड्यामागे अनंता मानेने अकरा पावसाळे घालवले, तो खेकडा डॉक्टरांनी स्वतःच्या एकट्याच्या नावावर जगापुढे मांडला. त्या दोघांतला सौदा ठरवून देणारा मध्यस्थ मीच होतो. डॉक्टर म्हणजे पुण्यातल्या ज्या महाविद्यालयात अनंता प्रयोगशाळा सहायक होता, तिथले विभागप्रमुख. नाव लिहीत नाही. वाचतील तेव्हा त्यांचं त्यांना कळेल.

बातमी आली तेव्हा मी मुळशीत माझ्या खानावळीच्या मागच्या ओट्यावर खेकडे निवडत होतो. अनंताच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन. म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... टेबलावर डोकं टेकून बसलेत असं वाटलं मला." हातातल्या खेकड्याने अंगठ्याला नांगी लावली तरी मला तो सोडवेना. पाच महिने अनंता माझ्याशी बोलत नव्हता. आता बोलणारही नव्हता.

आमची ओळख पौडच्या बाजारातली. धरणातले मासे सायकलवरून विकत मी इथवर आलोय, तोलात मला आजवर कोणी फसवलेलं नाही. खेकडा हातात आला की मी आधी उलटा करतो. पोटाखालची झडप रुंद असली तर मादी, अरुंद असली तर नर. गिऱ्हाइकाला गाबोळीची मादी हवी असते. त्या दिवशी एक किडकिडीत माणूस माझ्यासारखाच एकेक खेकडा उलटा करत होता, पण माद्या बाजूला ठेवून नर घेत होता. मी म्हणालो, "साहेब, घरी शिव्या खाल." तो म्हणाला, "खायला नकोत. नराच्या पोटाखाली काडीएवढा अवयव असतो. त्याच्या घडणीवरून जात ओळखतात." मी म्हणालो, "मग काडीचा भाव वेगळा लागेल." तो इतका हसला की मी भाव लावलाच नाही. त्यानंतर दर बाजाराला कॉलेज आटोपून तो पौडच्या घरी जायच्या आधी माझ्याकडे यायचा आणि पाट्या उपसायचा.

कोळवणच्या वरच्या वाडीतली एक बाई मला खेकडे आणून द्यायची. एकदा तिच्या पाटीत दोन जांभळट नांग्यांचे बारके खेकडे निघाले. ती म्हणाली, "दादा, ह्ये नगं घेऊ. ह्यात मास न्हाई. सड्यावरल्या दगडाखाली ऱ्हात्यात, आमी हात बी लावत न्हाई. आज चुकून आल्यात." अनंताने एक उलटा केला, भिंग लावलं आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. मग त्याने तिला विचारलं, "बाई, तुमचं पूर्ण नाव काय?" मी तिच्याकडून वर्षानुवर्षं माल घेत होतो, तिला 'ए खेकडेवाले' म्हणत होतो. ती बिचकली. "नाव कशाला? पोलिसात देताय का काय?" तो म्हणाला, "चिठ्ठीवर लिहायचंय." कमळाबाई वाघमारे. त्याने दोन कागदांवर पेन्सिलने सारखाच मजकूर लिहिला आणि स्पिरिटच्या दोन बाटल्यांत एकेक खेकडा आणि एकेक चिठ्ठी टाकली. पेन का नाही, विचारलं तर म्हणाला, "शाई स्पिरिटात उतरते. पेन्सिल टिकते. शंभर वर्षांनी कोणी झाकण उघडलं तरी कळलं पाहिजे, कुठून आला, कोणी आणला."

मग अकरा वर्षं. सुटीच्या दिवशी माझ्या जीपमधून कोळवणला, तिथून पायी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर. घरी रोज सूक्ष्मदर्शकाखाली त्या काडीएवढ्या अवयवाची चित्रं. हा खेकडा कोणत्याच जुन्या वर्णनाशी जुळत नाही याची त्याची खात्री झाली होती. पण त्याच्याकडे पीएचडी नव्हती. संग्रहालयातले जुने नमुने बघायचे तर पत्रावर डॉक्टरांची सही लागायची, जनुकांची तपासणी करायची तरी त्यांचीच. म्हणून माझ्या खानावळीत बैठक झाली. अनंता ताटात बघत बसला, बोललो मी. "शोधनिबंधावर दोघांची नावं. अनंताचं आधी." डॉक्टर माशाचे काटे काढता काढता म्हणाले, "अर्थातच." तिथेच मला कळायला हवं होतं. घासाघीस न करता जो हो म्हणतो, त्याने द्यायचं नाही हे आधीच ठरवलेलं असतं. बर्फवाल्याकडूनसुद्धा मी लिहून घेतो, पण हे शिकवणारे गृहस्थ म्हणून शब्दावर सोडलं. त्याच दिवशी अनंताने त्या दोन बाटल्यांतली एक त्यांच्या हवाली केली.

दोन वर्षांनी निबंध छापून आला. अनंताने फोनवर दाखवला. वर एकच नाव. त्या विद्येत जो पहिल्यांदा वर्णन छापतो त्याचं नाव त्या प्राण्याच्या नावामागे कायमचं लागतं, हे मला तेव्हा कळलं. नमुना गोळा करणारे म्हणूनही डॉक्टरच. शेवटी बारीक अक्षरात, क्षेत्रकार्यातल्या मदतीबद्दल श्री. माने यांचे आभार. कमळाबाई कुठेच नाही. अनंता म्हणाला, "दुरुस्ती छापता येते. मी बोलतो. तू येऊ नकोस."

मी गेलो, थेट कॉलेजात डॉक्टरांच्या खोलीत. डॉक्टर अगदी शांतपणे म्हणाले, "सहायकाला लेखक करायची आमच्याकडे पद्धत नाही." मी टेबलावर हात आपटला आणि कडेची एक बाटली खाली पडून फुटली. खोलीभर स्पिरिटचा वास. आवाज ऐकून धावत आलेला अनंता गुडघ्यांवर बसून काचांतून कोणाचातरी जुना नमुना उचलत होता. वर न बघता म्हणाला, "तू बाहेर जा." संध्याकाळी त्याचा फोन आला. "काल ते दुरुस्तीचं पत्र द्यायला तयार झाले होते. आज म्हणतात, गुंड आणून दमदाटी केली, आता काही नाही... तू मला विचारलं असतंस तर." हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. माझा राग मला माहीत आहे, त्याची किंमत अनंताने मोजली. पण बाटली मी फोडली म्हणून डॉक्टरांचा शब्द खरा होत नाही.

तेराव्याला सुमनवहिनींनी दुसरी बाटली माझ्या हातात ठेवली. "तुम्हाला द्यायची असं म्हणाले होते. कधी द्यायची ते सांगितलं नाही." ती आता माझ्या गल्ल्यावर आहे. खेकड्याची जांभळी नांगी पांढरी पडलीय, पण चिठ्ठी काचेतून स्वच्छ वाचता येते. कोळवणचा सडा, दगडाखाली. पकडला कमळाबाई वाघमारे. ओळखला अनंत माने. त्याखाली, बाजारात दाखवला, आणि पुढे माझं नाव. मला हे इतक्या वर्षांत कधी बोलला नाही.

परवा कमळाबाई आल्या तेव्हा वाचून दाखवलं. बाटली उजेडाला धरून म्हणाल्या, "व्हय, त्योच ह्यो. मानेभाऊनी लिवलं व्हय माझं नाव?" मग, "अन् त्या मोठ्या सायबाच्या बाटलीत काय लिवलंय?"

डॉक्टर, तुमच्या बाटलीतही हीच चिठ्ठी होती, माझ्या डोळ्यांदेखत टाकलेली, याच तीन नावांची. पेन्सिल स्पिरिटात उतरत नाही. मग ती चिठ्ठी कोणी काढली, आणि आता ती कुठे आहे? कमळाबाई पुढच्या बाजाराला येतील. त्यांना उत्तर द्यायचंय, आणि ते तुम्ही द्यायचंय.