चाकाच्या खुर्चीतले भिंगरीदादा

टपाल वाटण्यात उभा जन्म पायपीट झाली, म्हणून गाव त्यांना भिंगरीदादा म्हणायचं. सायकल होती, पण ती बहुतेक हातातच असायची. निवृत्तीनंतर लेक-जावयाने दादांना आणि त्यांच्या बायकोला परदेशातले राजवाडे नि चित्रसंग्रहालयं दाखवायला नेलं. पहिल्याच राजवाड्याच्या रांगेत दादांच्या पोटरीत गोळा आला. रखवालदार धावत चाकांची खुर्ची घेऊन आला आणि त्याने त्यांच्यासोबत सगळ्या कुटुंबाला रांग सोडून थेट आत घेतलं.

झालं! गोळा घटकाभरात गेला, खुर्ची मात्र मानगुटीवर बसली. पुढच्या प्रत्येक दारात जावईबापू आधी खुर्ची मागायचे.

"बाबा, बसा हो तेवढं. अर्धा दिवस वाचतो," लेक गळ घालायची.

एकदा बसलेला माणूस आत जाऊन टुणकन उठणार कसा? कुणी पाहिलं तर लेकीची शोभा! राजे-राण्यांची चित्रं भिंतीवर उंच टांगलेली, आणि दादांच्या डोळ्यांसमोर पुढच्याचं पोट नाहीतर पाठीवरची पिशवी. एखादं चित्र आवडलं, तर ते नीट बघेपर्यंत जावईबापूंनी खुर्ची पुढच्या दालनात नेलेली असायची. धड पाय असून पांगळेपण! दादा मनातल्या मनात चरफडायचे.

शेवटच्या राजवाड्यात लिफ्ट बंद होती. चार रखवालदार आले, त्यांनी खुर्चीची पाठ जिन्याकडे वळवली आणि दादांना खुर्चीसकट उचललं. "अहो नको, नको!" दादा ओरडले, पण भाषा कुणाला कळते? म्हातारा घाबरला असं वाटून एकाने त्यांचा खांदा थोपटला. दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मान खाली घातली, तेव्हा मागून येणारी बायको दिसली. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढत होती. तिचे गुडघे दुखतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिने कधी ब्र काढला नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. दादांनीसुद्धा नाही.

ती धापा टाकत वर पोचली.

"अगं, तू बस इथे. मी उठतो."

"गप्प बसा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "ती माणसं अजून घाम पुसताहेत. सगळ्यांसमोर पोरीची अब्रू घालवता का?"

दादा बसून राहिले. त्यांना स्वतःची चीड आली, आणि तिचीही.

"जावईबापू, तुम्ही फोटो काढा. ह्यांना मी नेते," असं म्हणून तिने खुर्चीच्या मुठी धरल्या.

दोन पावलांतच दादांच्या लक्षात आलं, ती ढकलत नव्हती. तिने सगळा भार खुर्चीवर टाकला होता. दादांनी पाय हळूच फरशीवर सोडले आणि कुणाच्या नजरेत येणार नाही इतक्या सावकाश ते दोघांनाही पुढे नेऊ लागले.