आठशेपन्नासचं शिखर

बॅक्टेरिया साठवायला फ्रीज लागतो, किस्से आपोआप साठतात! आमच्या नाशिकच्या कॉलेजातली ती लॅब म्हणजे दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा आणि तीन माणसं: देवधर सर, पीएच.डी. करणारी शैला आणि तिच्या हाताखाली एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणारा मी, मिलिंद. आजही शैला आणि मी भेटलो की मिसळीचा पहिला घास पोटात जायच्या आत नव्वदचं दशक सुरू होतं.

*

आमचं सगळं काम प्रकाशावर जगणाऱ्या जांभळ्या बॅक्टेरियांवर. ते मिळायचे सडक्या चिखलात. एकदा पेठ रोडवरच्या एका तळ्यातून बाटल्या भरून आम्ही एसटीत बसलो. उन्हानं एक झाकण उडालं आणि असा भपकारा सुटला, की अर्धी बस खिडकीबाहेर!

कंडक्टर ओरडला, "कोणाचं अंडं नासलं हो?"

शैला ताठ मानेनं म्हणाली, "अंडं नाही, रिसर्च आहे!"

"मग त्याचं हाफ तिकीट काढा, ताई!"

*

बाटल्या बल्बसमोर ठेवल्या की आठवड्याभरात आतलं पाणी लालजांभळं व्हायचं. एक दिवस प्राचार्य न सांगता आले. रांगेतल्या बाटल्या बघून दारातच थबकले.

सर घाईघाईनं म्हणाले, "हे पिण्याचं नाही हं!"

प्राचार्य म्हणाले, "मग एवढं करता कशाला?"

*

शैलाचे वडील, बापू, पिंपळगाव बसवंतचे. द्राक्षाची बाग. पोरीनं शिकावं असं त्यांना वाटायचं, पण मुलाकडचे पाहुणे मे महिन्यातल्या लग्नासाठी अडून बसले होते. बापूंनी शब्द दिला होता: एप्रिलपर्यंत थिसिस झाला तर ठीक, नाहीतर लॅब बंद. म्हणून एकदा ते स्वतःच बघायला आले.

"नेमकं काय करू ऱ्हायले तुम्ही इथं?"

सरांनी समजावलं, "बापू, या जिवांत एक रंगद्रव्य असतं. ते प्रोटीनच्या कुशीत असलं तर एक प्रकाश शोषतं, बाहेर काढलं तर दुसराच. द्रव्य तेच, आजूबाजूचं बदललं की वागणं बदलतं."

बापू लगेच म्हणाले, "हात्तिच्या! येलाचा डोळा त्योच, पण खालचा खुंट बदलला का येल येगळा चालतो. आम्ही कलमं बांधतो तवा ह्येच बघतो की!"

सर खुर्चीतून उठलेच. "अहो, हे मला वीस वर्षांत सुचलं नाही!" पुढे प्रत्येक बॅचला त्यांनी हे रंगद्रव्य द्राक्षाच्या कलमावरूनच शिकवलं. सर गेले तेव्हा मला पहिल्यांदा तोच तास आठवला. फार आठवण येते त्यांची.

*

आता माझा पराक्रम. कुठला प्रकाश किती शोषला जातो, ते आमचं मशीन आलेखावर काढायचं. प्रोटीन शाबूत असेल तर आठशेपन्नास नॅनोमीटरला उंच शिखर दिसायचं. एप्रिल तोंडावर होता आणि चार महिने खपून शैलानं प्रोटीनसकट रंगद्रव्याचं शुद्ध सँपल काढलं होतं. जेमतेम एक टेस्टट्यूब. ती डबा खायला गेली आणि मला मदतीची हुक्की आली. बीएस्सीपासून पालकाच्या पानांतून रंग काढायची हाताला सवय. रंग म्हटलं की ॲसिटोन! ओतलं की सगळ्या ट्यूबमध्ये!

बघता बघता जांभळं हिरवंनिळं झालं. मशीनवर आठशेपन्नासचं शिखर गायब, सातशेसत्तरला भलतंच उभं; रंग प्रोटीनच्या कुशीतून बाहेर!

शैलानं ट्यूब उजेडात धरून बघितली. "मिलिंद, अरे माझं लग्न लावलंस रे तू!" आणि रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी पिंपळगावला. बापू बागेत होते. सगळं कबूल केलं.

ते बांधावर टेकले. मग विचारलं, "परत काढायला किती दिस लागत्यान?"

"चार महिने. म्हणजे ऑगस्ट उजाडेल, बापू."

"छाटणीपासून माल हाती यायला मला बी चारच लागत्यात. दर साली लागत्यात. मी कधी बोंबललो का?" ते उठले. "पाव्हण्यांना मी सांगतो. थांबतील तर थांबतील, नाय तर ऱ्हायलं. तू आधी च्या पी."

*

शैलाच्या व्हायव्हाला हॉल भरलेला. मागच्या रांगेत बापू, नवी टोपी घालून. पडद्यावर दोन आलेख शेजारीशेजारी: नव्या सँपलचं आठशेपन्नास आणि त्या दिवशीचं सातशेसत्तर.

बाहेरून आलेले परीक्षक खूश. "वा! प्रोटीनचा परिणाम याहून स्वच्छ दाखवता येणार नाही. पण चार महिन्यांचं अख्खं सँपल असं एका झटक्यात मोडायचं म्हणजे छाती लागते हो. हे धाडस कोणाचं?"

शैलानं सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्याचं, सर. मी डबा खात होते!"