ताईच्या ब्रेकचा निळा थेंब

मी घरात सगळ्यायची नक्कल करतो. पेपर मिलच्या भोंग्याची, बाबाच्या घोरन्याची. त्या शनिवारी ताईच्या गाडीची केली. ताई भामरागडकडच्या एका गावात नर्स आहे. सुट्टीवर बल्लारपूरले आली, अंगनात ब्रेक दाबला, अन् मी सुरू झालो, "ताई, तुही गाडी अशी काऊन बोलते? ट्-टक, ट्-टक!"

ताई हसलीच नाई. सरळ चाकापाशी बसली. समोरच्या डिस्कले जो कॅलिपर चिमट्यासारखा धरते, त्याचे दोन बोल्ट. एक गायब! दुसरा बोटानंच फिरला.

रोडवर कच्चं लोखंड नेनाऱ्या ट्रकायनी पाडलेले खड्डे, अन् वरून आमची रीत. पावसाच्या आधी आमच्याकडे सगळ्या बोल्टायले जळकं ऑइल पाजतात, जंग लागू नये म्हनून. मागच्या सुट्टीत बाबानं ब्रश घेऊन लाडानं पाजलं होतं. तेलकट बोल्ट धक्क्यानं लवकर सुटते. बाबाचं तोंड उतरलं.

"बाबा, जंग त नाई लागला ना? मंग झालं," ताई म्हने, अन् नवे बोल्ट आनाले निघाली.

येतानी थ्रेडलॉकरची, म्हंजे बोल्ट ढिला होऊ नये म्हनून लावाच्या गोंदाची, इवलीशी बाटली घेऊन आली. पेट्रोलच्या फडक्यानं तिनं बोल्ट पुसले, भोकंही पुसले, सुकू देले. मंग बोल्टाच्या आट्यायवर एक निळा थेंब. त्याच्या वर नाई. दुकानातून मागून आनलेल्या पान्यानं कसले. ठरलेला जोर लागला का तो पाना 'टक्क' म्हनते. डिस्कचेही बोल्ट एक-एक काढून तसेच बसवले.

मी म्हनलं, "चाकाच्या मोठ्या नटालेही लाव ना!"

"अन् पंक्चर झालं त जंगलात खोलाले तू येशील का बे?"

तेवढ्यात फोन आला. तिच्या गावातली आशाताई. एका बाईचे दिवस भरले होते, पहिलटकरीन, अन् नाल्याचं पानी पुलाले लागून राह्यलं होतं. पूल बुडला का गाव तुटलं.

"निघ ना मंग आत्ताच! आवरलं ना तुहं?" मी म्हनलं.

"बोल्टावरचा निळा गोंद पक्का जमाले उद्यापर्यंत वेळ लागते, बाबू."

"त्या बाईले सांग तसं!"

ताईनं माह्याकडं पाह्यलं. "उतारावर ट्रक आडवा आला त तिच्यापाशी कोनीच पोहचत नाई."

आशाताईले फोनवर काय-काय तयार ठेवाचं ते सांगत होती, अन् बाटलीचं झाकन लावत होती. मी पह्यल्यांदाच तिची नक्कल केली नाई.

रविवारी दुपारी तिनं दोन्ही बोल्टायवर पाना ठेवला. टक्क, टक्क. अंगनात चार चकरा मारल्या, ब्रेक दाबून पाह्यला, अन् गेली. मंग नेटवर्क गेलं. आई देवापाशी, बाबा फाटकापाशी, मी फोनपाशी.

सोमवारी सकाळी वाजला. मागं कोनतरी केवढ्यानं ठनाना करत होतं.

"पोरगी आहे," ताई म्हने. "पूल माह्यामागं बुडला. अन् उतारावर खरंच ट्रक आला होता बे."

"मंग?"

"मंग काय! गाडी थांबली."

मी तिले विचारलं, "अन् आवाज? ट्-टक?"

"कायचाच आवाज नाई," ताई म्हने. "आता कर याची नक्कल."