कँटीनच्या फळ्यावरचं परीक्षण

बुक्कीनं फोडलेल्या कांद्याचा वास आला की मला पिंपरीचं ते पत्र्याचं थिएटर आठवतं. तेव्हा आमच्या कंपनीच्या कँटीनमधल्या फळ्यावर मी दर आठवड्याला खडूनं सिनेमाचं परीक्षण लिहायचो. एकदा एका संथ, अबोल सिनेमाबद्दल 'घरच्यांना घेऊन बघा' असं लिहिलं आणि रविवारी मी स्वतःच तो परत बघायला गेलो, तर पुढच्याच रांगेत कंपनीत माझ्याच खात्यातला चाकणचा फिटर. आई, बायको, पोरं आणि भाकरीचं गाठोडं घेऊन एसटीनं आलेला. मग माझं पडद्याकडे लक्षच लागेना, मी त्यांच्या पाठीच बघत राहिलो. धाकटं पोर चुळबुळायला लागलं, म्हातारी पेंगली, मागून कुणीतरी शिट्टी मारली. मध्यंतरात त्यानं कांदा फोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि हळूच विचारलं, "तुमी लिवलं म्हणून समद्यांना आणलं राव. पुढं कायतरी घडतंय न्हवं?" पुढं काहीच घडत नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात घंटा झाली आणि दिवे गेले. परवा असंच एक परीक्षण लिहीत बसलो होतो, तर मुलगी म्हणाली, "बाबा, आता परीक्षणं वाचतं कोण?" कुणी एकानं वाचलं आणि घरच्यांना घेऊन तो एसटीत बसला तर, या धास्तीनं मी अजून 'बघा' सांगणारी शेवटची ओळ खोडत बसतो.